हिला मी आणलं

थोरल्या जावेने शर्टांच्या कारखान्यात काजेवालीच्या शेजारी बसून नऊ वर्षं येशूची सुवार्ता सांगितली. कॉलर शिवता शिवता सांगितली, धागा तुटला तरी सांगितली, आणि डब्याच्या सुट्टीत काजेवालीच्या तोंडात घास असायचा म्हणून जरा जास्तच सांगितली. दुसऱ्याला विश्वासात आणणं हे आपलं कर्तव्य, असं ती मानायची, आणि कर्तव्याच्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. काजेवाली "हो, हो" म्हणायची आणि काजं करत राहायची.

मग धाकटी जाऊ त्याच कारखान्यात इस्त्रीवर लागली. धड दोन वचनं पाठ नसलेली, प्रार्थनेला बसली की पेंगणारी. सहा महिने झाले नाहीत तोच काजेवाली थोरलीला म्हणाली, "अगं, मी बाप्तिस्मा घेतेय. धाकटीनं पाळकांशी बोलणंसुद्धा केलं."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र "प्रभूची स्तुती असो" एवढंच बाहेर पडलं.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत एक रीत होती. बाप्तिस्मा घेणारीच्या शेजारी तिला विश्वासात आणणारी उभी राहायची आणि सगळ्यांसमोर म्हणायची, "हिला मी आणलं." थोरलीने हे वाक्य मनात कितीदा घोकलं होतं, कोणते कपडे घालून म्हणायचं तेही ठरलं होतं. आता ते आयतं धाकटीच्या तोंडी जाणार होतं. भांडी घासता घासता तिने नवऱ्याला ऐकवलं, "नांगरट मी केली आणि पीक बाईसाहेब नेणार!"

"देवाकडे पोचल्याशी मतलब," नवरा म्हणाला. त्या रात्री त्याच्या भाजीत मीठ नव्हतं.

शनिवारी दुपारी कारखाना सुटला तेव्हा काजेवालीने थोरलीला जिन्यात गाठलं. "मला धाकधूक होतेय गं. घरचे म्हणतात, हे काय नवीन खूळ! तू जाणती आहेस. उद्या बाप्तिस्म्याला येऊ ना मी?"

नुसतं "ये" म्हणायचं होतं. थोरलीच्या जिभेवर भलतंच आलं.

"घाई कशाला? बाप्तिस्मा म्हणजे पोरखेळ नाही. अजून वर्षभर वाच, समजून घे. मी शिकवीन."

काजेवालीचा चेहरा उतरला. "तू म्हणतेस तर राहू दे," ती म्हणाली. घरी जाताना थोरलीने स्वतःला चारदा विचारलं, मी काय चुकीचं बोलले? चारदा विचारावं लागलं, यातच काय ते आलं.

रविवारी पाळक पाण्यापाशी उभे, धाकटी दाराकडे डोळे लावून, आणि काजेवालीचा पत्ता नाही. एक गीत झालं, दुसरं सुरू झालं. धाकटी थोरलीजवळ येऊन बसली आणि मुसमुसू लागली. "ताई, माझंच चुकलं. मला कुठे काय येतं? तुम्ही सांगितलं असतंत तर ती नक्की आली असती."

हे मात्र थोरलीला सोसवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ती उठली आणि चालू गीतातच, रांगेतल्या सगळ्यांचे पाय तुडवत, बाहेर पडली.

काजेवाली घरी कपडे पिळत होती. थोरली उंबऱ्यातूनच धापा टाकत म्हणाली, "काल मी तुला थांबवलं, त्यात देवाचं काही नव्हतं. मी जळत होते. तू धाकटीमुळे आलीस, माझ्यामुळे नाही, हे माझ्या पोटात दुखत होतं."

काजेवालीने हातातला पिळा बादलीत टाकला. "नऊ वर्षं तू मला देवाचं सांगितलंस," ती म्हणाली, "पण स्वतःचं काही आज पहिल्यांदा सांगितलंस. धाकटी पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळी झाली, मला प्रार्थनेत झोप येते म्हणून."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. काजेवालीने हात पुसले आणि चपला घातल्या.

वाटेत थोरलीला राहवलं नाही. "मग शेजारी कोण उभं राहणार?"

"धाकटी. ठरलंय ना?"

"हो, ठरलंय," थोरली म्हणाली. पोटात दुखायचं ते दुखतच होतं. उपासना संपायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून तिने काजेवालीचा हात घट्ट धरला आणि भराभरा पावलं उचलली.