उठून जायचं गाणं

मोगरीच्या खाचेत सालीचा एक तंतू अडकला होता – ओला, पांढुरका, केसाएवढा – आणि प्रत्येक ठोक्याला तो ओंडक्यावर टेकून पुन्हा वर उठत होता. मेलेनाइते त्याच्याकडेच बघत होती, झाडाची साल ठोकून ठोकून पसरत चाललेल्या कापडाकडे नाही. नखानं काढला असता तर केव्हाच निघाला असता, पण त्यासाठी हात थांबवावा लागला असता, आणि हात थांबला की सकाळचा तो फोन पुन्हा कानात सुरू होई... वन्सं, उद्या पहाटे त्यांना आत नेणार. छाती उघडणार म्हणतात. तुम्ही आज दुपारी रेडिओवर त्यांच्यासाठी एक गाणं लावायला सांगा ना.

ऑकलंडहून बोलत होती ती भावजय, लोसालीने. कितिओनेची बायको. कितिओने घाबरलाय असं तिनं एकदाही म्हटलं नाही. ती म्हणाली, "जेवणाला नावं ठेवायची बंद झालेत, वन्सं." आणि तेवढ्यानं मेलेनाइतेला काय ते कळलं होतं, कारण आपल्या भावानं मिठावरून, आंबटावरून, गेला बाजार ताटाच्या काठावरून काही बोलल्याशिवाय घास उचललाय, हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

ठक्. ठक्. समोर वाईमोआना त्याच ओंडक्यावर दुसऱ्या टोकाकडून साल ठोकत होती. शेजारीण, बालमैत्रीण, आणि तोंडाला कुलूप नाही.

"ठरलं का गाणं? की दुपारपर्यंत माझ्या कापडाला भोकंच पाडणारेस?"

"स्तोत्र सांगेन एखादं."

"कुठलं?"

"तेच... वादळातल्या नावेचं."

"ते तुझ्या मामानं सांगितलंय. चर्चच्या गायकांनी सांगितलंय. चुलत्यांच्या पोरांनी तर दोनदा. नाइते, तुझा भाऊ दवाखान्यात चाललाय की बुडायला?"

मेलेनाइते हसली. हसू आलं याचंच तिला आश्चर्य वाटलं.

दुपारचा तो कार्यक्रम सगळं बेट ऐकत असे. फोन करायचा, कुणाकडून आणि कुणासाठी ते सांगायचं, मग रेडिओवरचा तो गोड गळ्याचा माणूस विचारायचा, हेच गाणं का बरं? आणि माणसं सांगायची. बारशाचं, बोळवणीचं, परीक्षेत नापास झालेल्या पोरीला धीर द्यायचं गाणं. आता तर फोनवरही रेडिओ लागतो, म्हणजे ऑकलंडमधले, सिडनीतले आपले लोकही त्याच घटकेला तेच ऐकतात... त्याच घटकेला. हा विचार आला की तिच्या हाताचा ताल चुकत होता.

"माझं आवडतं विचार ना मला," वाईमोआना म्हणाली.

"तुझं सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझा नवरा वाजवायचा ते."

"वाजवायचा कसला. मधल्या ओळीला हटकून तार चुकायचा. रेडिओवर ते बरोबर वाजतं, म्हणून मला तिथं आवडत नाही. त्या जागेशी आलं की मी जीव मुठीत धरून बसते – आता चुकेल, आता चुकेल – आणि हा रेडिओवाला चुकतच नाही मेला." तिनं मनगटानं कपाळ पुसलं. "तुझं कुठलं?"

"माझं काय. स्तोत्रंच की."

हे खोटं नव्हतं. स्तोत्रांशिवाय मी कोण आहे? रविवारी पहिली घंटा झाली की देवळात जायला कपड्यांवरून कमरेची विणलेली चटई बांधताना गळा आपसूक उघडतो. कितिओने इथं होता तेव्हा प्रवचनाला उभा राहायचा, आणि त्याचं बोलणं कधी गाणं व्हायचं ते ऐकणाऱ्याला कळायचंच नाही. आधी आवाज नुसता सरळ चालायचा, मग एखाद्या शब्दाला किंचित झोका, मग दुसऱ्याला, आणि बघता बघता सगळं वाक्य सुरावर चढलेलं; आणि भरून येऊन तो थांबला की बाकांवरून कुणीतरी ओ द्यावी तसं स्तोत्र उचलायचं, मग सगळं देऊळ एका छातीनं श्वास घ्यायचं. ओ देणारी पुष्कळदा तीच असे. त्या क्षणी भाऊ तिच्याकडे बघत नसे, ती त्याच्याकडे बघत नसे. भावाबहिणीनं तसं बघायचं नसतंच. पण सूर तिचा आहे हे त्याला कळायचं, आणि पुढचं वाक्य तो बरोबर तिच्या सुरावर ठेवायचा...

तर स्तोत्रंच. खोटं नाही. पण आणखी एक होतं.

तिच्या वडिलांनी रेडिओ आणला तेव्हा ती सतराची आणि कितिओने तिच्या खांद्याला लागणारा. संध्याकाळी जेवणं चालू असताना गाणी लागायची. बातम्या, भजनं, नाचाची गाणी, यात सगळे बसत. पण प्रेमाचं गाणं लागलं की घरात भाऊ आणि बहीण दोघं बसून ते ऐकणार, ही गोष्ट कुणी बोलून दाखवायचीसुद्धा नव्हती. एकानं उठायचं. आणि उठायचा तो. हातातला नीरफणसाचा तुकडा परत टोपलीत ठेवून, कुणी न सांगता, मान खाली घालून दाराबाहेर. कारण बहीण मोठी, बहिणीचा मान मोठा, तिनं का उठावं? त्या वर्षी एकच गाणं सारखं लागत होतं. होडी प्रवाळाच्या रांगेपलीकडे जाते, होडीतला दिवा लहान लहान होतो, आणि काठावरची मुलगी फुलांची माळ धरून म्हणते – माळ ओली ठेवीन, माळ ओली ठेवीन. मेलेनाइतेचाही एक जण तेव्हा होडीवर होता. तो परत आला, पण दुसऱ्या बेटावर, दुसऱ्या दारात. ते सगळं आता पार धुऊन गेलंय, त्याचं नाक कसं होतं तेही आठवत नाही. गाणं मात्र राहिलं, आणि गाण्यात एक काटा राहिला. ती डोळे मिटून माळ ओली ठेवत असताना तिचा भाऊ अर्धपोटी बाहेर अंधारात उभा असे. पावसातसुद्धा. तिच्या सुखासाठी रोज घराबाहेर काढलेला मुलगा. पुढे ती स्वतःच उठून रेडिओ बंद करू लागली. तो लग्न करून ऑकलंडला गेला, तिला अडवायला घरात कुणी उरलं नाही, तरी ते सूर आले की तिचा हात बटणाकडे जाई. किती वर्षांत पुरतं ऐकलं नाहीये मी ते...

आणि आज सकाळी लोसालीनेनं फोनवर ते गुणगुणून दाखवलं.

"मी त्यांना विचारलं, कुठलं गाणं हवंय तुम्हाला? तर भिंतीकडे तोंड. पण मला ठाऊक आहे ना. रोज दाढी करताना एकच चालतं यांचं. शब्द एक येत नाही, नुसतं हुं हुं हुं. मी म्हणते, एवढं आवडतं नि शब्द कसे येत नाहीत? तर म्हणतात, आमच्या घरचं आहे. म्हटलं वन्संना माहीत असेल. ऐका हं." आणि तिनं तिच्या बेसूर, प्रेमळ आवाजात दोन ओळी काढल्या. मेलेनाइतेनं फोन कानापासून लांब धरला होता, जणू भाऊच खोलीत आला होता.

म्हणजे त्याला ऐकू येत होतं. बाहेर.

ठक्. तंतू केव्हा गळून पडला तिला कळलं नाही.

आता दुपारी त्या गोड गळ्याच्या माणसाला सांगायचं का – मेलेनाइतेकडून, तिचा भाऊ कितिओने याच्यासाठी – आणि मग ते गाणं? बेट हसेल. हसेल ते हसेल, लोक चार दिवस हसतात आणि पाचव्या दिवशी दुसरं काही शोधतात. पण तिची स्वतःचीच जीभ वळणार नाही. ती त्याची थोरली बहीण आहे, त्याच्या पोरांची आत्या. त्या घरात तिच्या शब्दावर शब्द नाही, आणि तो मान भावानं आयुष्यभर मान खाली घालून दिलेला आहे. तो एका गाण्यापायी पाण्यात सोडायचा? आणि नाही सोडायचा, तर त्याला पाचव्यांदा वादळातली नाव पाठवायची? भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला?

देवा, तुझं कसं असतं? तुझ्या कानाला भिंत नसणार. आम्ही ठरवतो, हे पुस्तकातलं, हे बाहेरचं, हे बहिणीसमोर, हे भावामागे. तुला तर सगळं एकाच वेळी येत असणार, पोरींची माळ आणि म्हाताऱ्यांची नाव, एकमेकांत मिसळून. तू कुणाला उठून जायला सांगतोस?

"हात थांबला तुझा," वाईमोआना म्हणाली.

"येते. फोन करून येते."

लोसालीनेनं लगेच उचलला. मागं चाकाच्या गाडीचा खडखडाट, कुणी इंग्रजीतून कुणाला हाक मारतंय.

"लोसालीने, तू सांग गाणं. तुझ्या नावानं."

"मी? वन्सं, तुमच्याकडून हवंय त्यांना. माझं रोजच ऐकतात, नको नको होईतो."

"बायकोनं नवऱ्याला दिलं तर कुणी काही म्हणत नाही."

लोसालीनेलाही भाऊ आहेत. तिला समजवायला नको होतं.

"दाढीचं?" तिनं हळूच विचारलं.

"हं. होडीतल्या दिव्याचं गाणं म्हणून सांग, ते शोधतील. आणि का म्हणून विचारलं, तर सांग त्यांच्या घरचं आहे."

"आणि तुम्ही ऐकणार ना?"

"मला कापड वाळत घालायचंय."

"बरं," लोसालीने म्हणाली, आणि तिच्या आवाजात सकाळपासून पहिल्यांदा जरा ऊब आली. "घाला हो. नीट ताणून घाला."

दुपारी मेलेनाइते घरात एकटी चटईवर बसली. घर नवं, पत्र्याचं, पण जागा वडिलांचीच. एक बारसं झालं, एका म्हाताऱ्याचा वाढदिवस झाला. मग लोसालीनेचा आवाज आला, समुद्रावरून, थोडा किरटा झालेला. माझ्या नवऱ्यासाठी, ती म्हणाली, दाढी करताना गुणगुणतात ते.

"वा," रेडिओवरचा माणूस म्हणाला, "आणि ते गातात तेव्हा तुम्ही काय करता, बाई?"

"मी रक्त निघतंय का बघते."

तो मनापासून हसला. "हेच गाणं का बरं?"

"त्यांच्या घरचं आहे." आणि मग, जे ठरलं नव्हतं ते – "घरच्यांनी ऐकावं."

तारा वाजल्या. पहिलेच सूर, आणि तिचा हात बटणाकडे गेला, आणि तिनं तो दुसऱ्या हातानं धरून मांडीत ठेवला. आता कितिओने पडलेला असेल, फोन कानाशी, हाताला नळ्या. आता हे त्याच्या कानात आणि माझ्या कानात, एकाच घटकेला... त्याला उठता येणार नाही. हा विचार असा सरळ आला की ती दचकली. आयुष्यभर उठला तो, आणि आज त्याला उठता येत नाही.

मग दोघांतल्या दुसऱ्यानं उठायचं.

गुडघ्यावर हात देऊन ती उठली. रेडिओ तसाच चालू ठेवला, आवाज थोडा वाढवला, आणि दाराबाहेर पडली. आत तू बैस, असं ती कुणाला म्हणाली नाही, पण दार तिनं उघडंच ठेवलं. कुठे उभं राहायचं ते तिला माहीत नव्हतं. दाराशी थांबली तर शब्दन् शब्द येत होता – माळ, काठ, ओली. हे फार जवळ झालं. इथं उभं राहणं म्हणजे आतच बसणं. ती चुलीच्या खोपीपलीकडे गेली, डुकराच्या पिल्लांना ओलांडून पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथं नुसता समुद्र, गाणं अजिबात नाही. ती मागे वळली. चार पावलं, आणखी दोन. आणि एका ठिकाणी सूर आला. शब्द नाही. सूर सबंध येत होता, चढ, उतार, मधली थबक, सगळं, पण शब्द पानांच्या सळसळीत गळून जात होते, आणि येत होतं ते फक्त हुं हुं हुं.

ती तिथंच उभी राहिली.

इथं. किंवा इथंच कुठंतरी. रीत एवढीच सांगत होती की बाहेर जा. पोरं किनाऱ्यावर खेळत असत, शेकोटी असे, तिकडे जाता आलं असतं. तो गेला नाही. आदबीला बाध येणार नाही इतका लांब आणि गाणं सुटणार नाही इतका जवळ – इतक्या वर्षांत मी त्याला अंधारात हाकललेला समजत आले, आणि तो इथं... भिजत का होईना, पण ऐकत. मुलगी, होडी, दिवा, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मग काय ऐकलं त्यानं? शब्दांच्या रिकाम्या जागी त्या पोरानं काय भरलं होतं – घरातला उजेड? आईच्या हातचं जेवण? मी? विचारता येणार नाही. उद्यानंतरही, तो ताटाला नावं ठेवत पुन्हा उठून बसला तरीही, हे त्याला कधी विचारता येणार नाही. आणि नवल म्हणजे त्या न विचारता येण्यानं आज तिचं काही अडत नव्हतं. माळ ओली ठेवणारी ती मुलगी आतल्या रेडिओत राहिली होती. बाहेर आला होता तो सूर कुणाचाही होता, नुकत्या धुतलेल्या भांड्यासारखा, आणि तिनं त्यात काय घालावं हे ठरवायच्या आधीच तिच्या ओठांतून हुंकार निघू लागला होता.

भीती होती. गेली नव्हती. पहाट अजून यायचीच होती, आणि ती कशी येईल ते तिला ठाऊक नव्हतं. पण दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मधल्या थबकीपाशी ती आपसूक थांबली, देवळात थांबायची तशी – भाऊ भरून येऊन थांबलाय, आता कुणीतरी उचलायला हवं – आणि श्वास घेऊन, कुणाकडेही न बघता, तिनं सूर उचलला.