गाईच्या वाट्याची ब्राह्मी

सासूला झटका आला, तिची वाचा गेली आणि त्याच आठवड्यात नणंद बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"आई बोलायला लागेपर्यंत राहते," ती म्हणाली.

सुनेनं तिच्या हातातली बॅग घेतली. वजनदार होती. चार दिवसांच्या पाहुणीची नक्कीच नव्हे.

सून घरीच शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे. नवरा बस चालवायचा, तो सकाळी जायचा तो संध्याकाळीच उगवायचा. मधल्या खोलीत सासूचा पलंग, पलंगाला लागून खिडकी आणि खिडकीपलीकडे गोठा. गोठ्यात एकच गाय. घर सासूच्या नावावर होतं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली होती, "घराचं काय करायचं ते मी ठरवलंय. रविवारी लेकीलाही बोलावून घ्या, सगळ्यांसमोर सांगते." रविवार उजाडला तेव्हा ती दवाखान्यात होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मग तशीच तिला घरी आणली.

तेव्हापासून सुनेच्या डोक्यात किडा वळवळत होता. काय ठरवलं असेल? आणि नणंदेला ते आधीच कळलं असेल का?

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. एका वसतिगृहात स्वयंपाक करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आता काम सुटलं होतं आणि मागे कुणी नव्हतं. आल्या आल्या तिनं विळा आणि पोतं मागून घेतलं आणि वीटभट्टीमागच्या पाणथळीत शिरली. परतली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. पोत्यात चिखलावर पसरणारी, लहान जाडसर पानांची हिरवीगार वनस्पती.

"ब्राह्मी," ती म्हणाली. "वाचेला चांगली, स्मरणालाही चांगली. उरलेली गाईला घालू."

दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "थोडी द्यायला हरकत नाही, पण माझ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत." झालं. रोज सकाळी पाणथळ, मग धुणं, वाटणं, गाळणं आणि सासूच्या उशाशी वाटीभर रस. राहिलेला चोथा आणि उरलेला पाला गाईपुढे.

"ही नक्की ब्राह्मीच ना, ताई?" सुनेनं एकदा विचारलंच.

"मग काय, गवत वाटत बसलेय मी?"

सून मग नजर ठेवून राहिली. नणंद सासूच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटायची आणि सून आत आली की उठून चादर नीट करायची. चादर काही विस्कटलेली नसायची. सुनेनं आपल्या बहिणीला फोनवर सांगून टाकलं, "ही बाई घर लिहून घेतल्याशिवाय हलायची नाही. रसात काय कालवते देव जाणे."

गाईला लस टोचायला गुरांचा डॉक्टर आला, तेव्हा सुनेनं नणंदेची पाठ वळलेली बघून ओच्यातली एक काडी त्याच्यापुढे धरली. त्यानं पान चुरगाळलं, हुंगलं, दाताखाली धरलं.

"ब्राह्मीच आहे. गाय खाऊ दे की खुशाल. पाणी तेवढं स्वच्छ असलेलं बघा." तो गाईच्या पाठीवरून हात फिरवत हसला. "तब्येत तर छान धरलीये हिनं."

तेवढ्यानं सुनेचं समाधान झालं नाही. पाला खरा निघाला, पण पाला आणणारीचं काय?

एका दुपारी नणंद दळण आणायला गेली होती. सून कॉलर शिवत होती, तेवढ्यात सुई मोडली. मशीन थांबलं आणि मधल्या खोलीतून आवाज आला. हळू, अडखळत कुणीतरी बोलत होतं. नणंद कधी परतली? सून अनवाणी पावलांनी दारापर्यंत गेली.

सासू उठून बसली होती. खिडकीच्या गजांतून तिचा हात बाहेर होता, हातात रसाची वाटी आणि वाटीत गाईचं तोंड.

"पी... पी बाई," सासू म्हणत होती. "तुलाच... गोड लागतं."

"आई!"

सासूनं वळून बघितलं. वाटी लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"हळू," ती म्हणाली.

"तुम्ही बोलता? कधीपासून?"

"झाले... बरेच दिवस."

"आणि आम्ही इथं जीव टाकतोय! बोलत का नाही मग?"

"बोलले की... रविवार येईल." सासूनं दम घेतला. "घराचं सांगा म्हणाल. एकीला राग... येईल. ती जाईल. उरलेली... मला विचारणार नाही."

सुनेनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"कान... शाबूत आहेत माझे," सासू म्हणाली. "तुझे फोन... ऐकते मी."

सुनेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिच्या तोंडून निघालंच, "आणि ताई? त्या काय म्हणतात माझ्याबद्दल?"

"ते तिला विचार. आणि... हे तिला सांगू नको."

सून मशीनपाशी येऊन बसली. सांगू नको म्हणजे काय? हेच म्हातारीनं नणंदेलाही सांगितलं नसेल कशावरून? आणि नसेल सांगितलं, तर उलट बरंच. घराचं जे काही असेल ते आधी आपल्याच कानावर पडेल. हा विचार आला आणि तिला थोडं बरंही वाटलं.

नणंद आली. दळणाचा डबा ठेवून ती पायरीवर टेकली आणि पोटरीवरची चिंधी सोडली. सकाळी पाणथळीत तिथं जळू चिकटली होती, त्या जागेतून अजून रक्त झिरपत होतं.

"अलीकडची ब्राह्मी संपत आली," ती म्हणाली. "उद्या पलीकडच्या काठाला उतरते. तिथं पाणी खोल आहे म्हणतात."

सुनेला राहवेना.

"नका जाऊ, ताई. तुमचा रस गाय पितेय." आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

नणंद चिंधी हातात धरून ऐकत राहिली. मग पहिलाच प्रश्न आला, "घराचं काय बोलली तुझ्याशी?"

"काही नाही."

"खरं?"

"खरं! आणि तुमच्या कानात रोज काय सांगतात त्या?"

"ती कुठं सांगते? मीच सांगते तिला. माझ्या लहानपणच्या गोष्टी. काही आठवून तोंड उघडेल म्हणून."

"मग मी आले की थांबता का?"

"लाज वाटते," नणंद म्हणाली. "पन्नाशी उलटलेली बाई आईला बाहुल्यांचं सांगत बसलीये."

एकमेकींवर विश्वास ठेवायचा की नाही, हे दोघींनाही ठरवता येत नव्हतं.

नणंदेनं नवी वाटी भरली. दोघी आत गेल्या. सासूनं डोळे मिटून घेतले.

"आई, कळलंय मला," नणंद म्हणाली. "पी. माझ्यासमोर."

सासूनं डोळे उघडले, घोट घेतला आणि अख्खं तोंड वाकडं केलं.

"शी! मेली... कडू," ती म्हणाली.

नणंदेनं पदर तोंडात धरला. ती हसतेय की रडतेय ते सुनेला कळेना, पण वाटी सांडू नये म्हणून तिनं ती पुढे होऊन धरली.

संध्याकाळी नवरा आला. आईच्या तोंडून स्वतःच्या नावाची हाक ऐकून तो डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला, मग पलंगाच्या कडेला बसला. विचारू नये ते त्यानंच भोळेपणानं विचारलं, "आई, तू घराचं काहीतरी ठरवलं होतंस ना गं?"

सासूनं तिघांकडे पाळीपाळीनं बघितलं.

"ठरवलं होतं... खरं," ती म्हणाली. "पण काय ते... आता आठवत नाही."

"खरंच?" सून आणि नणंद एकदमच म्हणाल्या.

"खरंच," म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी नणंदेनं विळा काढला, तेव्हा सून दुसरं पोतं घेऊन दारात उभी होती.

"पलीकडच्या काठाला एकट्या कशाला उतरता?" ती म्हणाली. "मी येते."

नणंदेनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग मागे वळून मधल्या खोलीकडे बघितलं. म्हातारी शांत झोपलेली दिसत होती.

"चल," ती म्हणाली. "पण जरा हळू बोल."