अन्नपूर्णेनं पारखलेली गाडी

"बैलाईले काय देवघरात बसवू? गाडी आली का बैल बाजारात!" चिखलात रुतलेल्या मळणीयंत्राच्या चाकाखाली दगड सारता सारता शालिग्राम ओरडला.

"आंधी दगड तं सारा. बाजार मंग भरवजा," त्याची बायको अन्नपूर्णा म्हणाली.

तिच्या कडेवर लेक चिमी होती आणि दुसऱ्या हातात कोसा बैलाची वेसण. दिवाळी होऊन गेली तरी आभाळ जायचं नाव घेत नव्हतं. आदल्या दिवशी अवकाळी सर येऊन गेली आणि जानेफळच्या वाटेवरची काळी माती अशी मऊ झाली, की पाय टाकला की चप्पल तिची. तिकडं खळ्यावर हायब्रीड ज्वारीच्या कणसांचा ढीग वाट पाहत होता, आणि इकडं यंत्र वाटेत बसकण मारून बसलं होतं. कोसा आणि पाखऱ्यानं माना खाली घातल्या, गुडघे टेकले आणि ओढलं. चाक वर आलं. पण संध्याकाळी जू उतरवलं तेव्हा दोघांचे खांदे तव्यावरच्या भाकरीसारखे फुगले होते. अन्नपूर्णेनं कोमट तेलात हळद कालवून लावली. पाखऱ्यानं कातडी थरथरवली, तसे तिचे डोळे भरून आले. ते तिनं चिमीच्या टोपड्यालाच पुसले.

ही जोडी तिच्या बापानं, अर्जुनरावानं, आंदण दिलेली. अर्जुनराव मेहकरच्या बैलबाजारातला जुना दलाल. लहानपणी बापाच्या धोतराचा सोगा धरून ती त्या बाजारात फिरली होती. दात पाहायला शिकली, बैलाच्या अंगावरचे भोवरे ओळखायला शिकली. सासरी आली तेव्हा तिला पुरणाची पोळी धड लाटता येत नव्हती, पण दुरून येणारा बैल कोणत्या पायानं लंगडणार हे ती ओट्यावर बसून सांगायची. या गोष्टीचा तिला गर्व होता. थोडाथोडका नव्हे, टोपलंभर.

शालिग्रामचं म्हणणं काही खोटं नव्हतं. गावोगावहून त्याच्या यंत्राला बोलावणं यायचं. बैल ते ओढत नेईपर्यंत लोकांची ज्वारी दुसरीकडून मळून झालेली असायची. म्हणून एखादी जुनी, स्वस्तातली, डिझेलवर चालणारी आणि ओढायला दमदार गाडी घ्यायची, असं त्यानं ठरवलं. आणि गाडी आली की जोडी जाणार, हेही ठरवलं. हायब्रीडचा कडबा बैल तोंडात धरत नव्हते, आणि दुसरा कडबा आणायचा कुठून? पुढच्या बाजाराला येऊन जोडी घेऊन जा, असा निरोप त्यानं सासऱ्याला धाडलासुद्धा.

अन्नपूर्णेला सुचेना. गाडी आली तर जोडीचे खांदे वाचणार होते, पण वाचलेले खांदे दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार होते. आणि गाडी फसवी निघाली तर तेही गेलं, हेही गेलं.

"गाडी मी पाह्यनार," ती म्हणाली.

"तुले गाडीतलं काय समजते वं?" सासू, सत्यभामाबाई, चुलीपुढून म्हणाली.

"वढनारं जनावर थे वढनारं जनावर, आत्याबाई. त्याले शिंगं असोत का दिवे."

शालिग्राम मात्र लगेच तयार झाला. त्यानं आजवर स्वतः पारखून आणलेली म्हैस, पंप आणि मनगटी घड्याळ, तिन्ही जागेवर बसून होती.

मेहकरला निवृत्ती मिस्तरीच्या आवारात जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. शालिग्राम सरळ निळ्या चकचकीत गाडीकडं गेला आणि तिच्या आरशात मिशी पाहू लागला. अन्नपूर्णेनं दाराच्या कडेला नख लावलं. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली गंज.

"म्हाताऱ्या बैलाच्या शिंगाले तेल-काजळ फासून आनतेत, तसं हाये हे," ती म्हणाली. "चाला पुढं."

दुसरी गाडी तिनं आवारात चालवून दाखवायला लावली. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवर पडत नव्हती. "कंबर मोडेल हाये. तिरपी चालते."

तिसरी मातकट रंगाची. मूळची जीप; मागची बाकं काढून तिथं लाकडी फळ्यांचा डाला ठोकलेला, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. मागं ओढायला जाड लोखंडी कडी. मिस्तरी तिला पिकअप म्हणत होता. ती रस्त्याकडं तोंड करून गरीब चेहऱ्यानं उभी होती. मिस्तरीनं हँडल मारलं, इंजिन खोकलं, खोकलं आणि लागलं. अन्नपूर्णेनं बोनेटवर तळहात ठेवला. धाप एकसारखी होती. चिमीनंही आईचं पाहून आपला इवला हात ठेवला आणि खुदकन हसली. हा तर शकुनच झाला!

आता खोड विचारायची. बैलबाजारात घेणाऱ्यानं एकेक खोड विचारायची आणि देणाऱ्यानं खरं सांगायचं, अशी रीत. अन्नपूर्णेनं पदर खोचला.

"मारते का?"

"हँडल उलटं मारते कवाकवा," मिस्तरी म्हणाला. "आंगठा वर ठेवा लागते."

"वाटेत बसते का?"

"डिझेल संपलं तरच."

"पानी लय पिते?"

"घाटात पिते. मंग उभं राहून पाजा लागते."

"रातचं दिसते का बरोबर?"

"येका डोळ्यानं, वहिनी. खोटं काऊन बोलू?"

अन्नपूर्णा गहिवरली. इतका खरा विकणारा तिनं बापाच्या बाजारातही पाहिला नव्हता.

"आता वढून दाखवा," ती म्हणाली.

बैलाचा दम पाहायचा तर गाड्याची चाकं साखळीनं बांधतात आणि तसा घसरता गाडा ओढायला लावतात. अन्नपूर्णेनं तेच करायला लावलं. कुणाचा तरी गाडा आणवला, चाकं जखडली, वर दगड रचले, आणि चहाच्या टपरीवरचे रिकामे लोक आपणहून त्यावर चढून बसले. पैनगंगेकडून वर येणाऱ्या चढावर पिकअपनं काळा धूर सोडला, नाक वर केलं आणि तो गाडा, दगड आणि रिकामे लोक यांच्यासकट खरडत वर आणला. टपरीवाल्यानं शिटी मारली. "वा रे पठ्ठे!" म्हणून शालिग्रामनं बोनेट थोपटलं आणि हात भाजून घेतला.

सौदासुद्धा त्यानं रीतीनंच करायला घेतला. रुमालाखाली मिस्तरीचा हात धरून बोटं दाबून भाव सांगू लागला.

"गुदगुल्या काऊन करून राह्यले, भाऊ?" मिस्तरीनं हात ओढून घेतला. मग तोंडानंच जमलं.

घरी येताना अन्नपूर्णा चिमीला मांडीवर घेऊन पुढं बसली होती. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक बाईकडं ती अशी पाहत होती, की जणू इंजिन तिनंच बसवलं आहे.

शालिग्रामचं घर गल्लीच्या टोकाला. गल्ली उताराची, आणि ती त्यांच्या ओट्याला येऊन संपायची. शालिग्रामनं गाडी थेट ओट्याला नाक लावून उभी केली. सत्यभामाबाईनं पुढच्या चाकांवर पाणी घातलं, बोनेटला हळदकुंकू लावलं आणि नव्या बैलाला देतात तशी भाकर पुढं धरली.

"तोंड कुठी हाये वं याचं?"

"ठेवा वरच, आत्याबाई. भूक लागली का खाईन."

सकाळी जानेफळच्याच दुसऱ्या खळ्यावर जायचं होतं. शालिग्राम नवा सदरा घालून बसला. मागं न्यायचा गिअर टाकला. आतून कुणीतरी दळण दळताना खडा आल्यासारखा आवाज झाला. गाडी हलली नाही. पुन्हा टाकला, पुन्हा खडा. मग शालिग्राम खाली उतरला, गाडीभोवती फिरला आणि उगीचच एका चाकाला लाथ मारून आला.

"काय झालं?"

"मागं सरत नाही थे."

"म्हनजे?"

"म्हनजे मागं सरत नाही!"

गल्ली गोळा झाली. लोकांनी ढकलून पाहिलं. गाडी चढाला हातभर सरकायची आणि लोक दमले की पुन्हा ओट्याला येऊन टेकायची. शेजारची वच्छलाबाई पाण्याला निघाली होती, ती घागर घेऊन थांबली.

"दाराले बांधली का वं गाडी? दावं दिसत नाही."

"राखन ठेवली, वच्छलाबाई," अन्नपूर्णा म्हणाली. पण आवाजात जीव नव्हता.

शालिग्राम एस.टी.नं मेहकर गाठून दिवस मावळायच्या आत परत आला. "मिस्तरी म्हंते, गिअरच्या पेटीत मागचा दातच झिजला. थ्या जुन्या पेटीचा दात आता कुठीच भेटत नाही. म्हंते, वहिनीनं सारं इचारलं, येवढं नाही इचारलं. मी खोटं बोललो असन तं सांगा."

अन्नपूर्णा काय सांगणार? तो एक शब्द खोटं बोलला नव्हता. तिच्या गर्वाचं टोपलं त्या दिवशी आपोआप रिकामं झालं. पालथंसुद्धा करावं लागलं नाही.

त्या दिवसापासून सत्यभामाबाई भिंत आणि बोनेट यांच्या मधून आडवी होऊन बाहेर पडायची आणि प्रत्येक वेळी सुनेचं नाव घ्यायची. जानेफळचा माणूस दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा तो दुसरीकडं जाणार होता. आणि बाजाराचा दिवस उजाडला, तसा अर्जुनराव खांद्यावर दोरखंड टाकून जोडी न्यायला दारात हजर झाला.

त्यानं गाडी पाहिली, सगळं ऐकून घेतलं.

"इचारल्यावर खोड लपोली असती तं माल वापस," तो म्हणाला. "इचारलीच नाही, तं घेनाऱ्याची. बाजाराची रीत हाये, जावाईबुवा." मग लेकीकडं वळला. "पोरी, मागं सरते का येवढं इचाराचं नाही?"

"बाबा, तुमी कवा कोन्या बैलाले इचारलं?"

अर्जुनरावानं मिशीवरून हात फिरवला. आयुष्यभर हजारो बैल त्याच्या हाताखालून गेले होते, पण हा प्रश्न काही त्यालाही सुचला नव्हता.

"दोरखंड आनलाच हाये," तो शेवटी म्हणाला. "जुपा जोडी मागून."

कोसा आणि पाखऱ्याला गाडीच्या मागच्या कडीला जुंपलं. खांद्याची सूज उतरली होती, तरी अन्नपूर्णेनं जोखडाखाली चिमीची जुनी गोधडी दुमडून घातली. वेसण तिनंच धरली. "हो बापा, हो राजा," म्हणत ती उलटी चालू लागली. बैलांनी माना खाली घातल्या. गाडी ओट्यापासून सुटली, गल्लीतून मागं मागं, बिनतक्रार वर गेली आणि चावडीपुढच्या मैदानात उभी राहिली. शालिग्राम आत बसून स्टिअरिंग धरून होता. आपण कुठं चाललो हे त्याला दिसत नव्हतं, पण लोकांची तोंडं मात्र सगळी दिसत होती.

मग यंत्र जोडलं. एकदा तोंड रस्त्याकडं झाल्यावर गाडीनं ते असं ओढलं, की कोसानं कान टवकारून पाहिलं.

जायच्या आधी शालिग्राम खिडकीतून म्हणाला, "मामाजी, जोडी राहू द्या. रातची गाडी चावडीपुढं कोन ठेवीन? संध्याकाई घरी आली का सकाई काढा लागन."

"हाव," अर्जुनराव म्हणाला आणि लेकीकडं पाहून डोळा बारीक केला. "बरोबर डाव टाकला माह्या पोरीनं."

"बाबा, डाव नव्हता थो!"

"हाव, हाव." तो हसत हसत रिकामा दोरखंड खांद्यावर टाकून बाजाराच्या वाटेला लागला.

दुपारपर्यंत गावभर झालं, की अन्नपूर्णेनं आंदणाचे बैल वाचवायला मुद्दाम खोडीची गाडी पाहून घेतली. बोनेटला आडवी होऊन सुनेचं नाव घेणारी सत्यभामाबाईच आता वच्छलाबाईला सांगत होती, "दलालाची पोर हाये, बाई! मले पहिल्या दिवशीच समजलं होतं."

जानेफळची ज्वारी मळून शालिग्राम दिवस बुडायच्या सुमारास परत आला. अंगभर भुसा, पण मिशी ताठ. अन्नपूर्णा ओट्यावर चिमीला घास भरवत होती.

"येक खरं सांग," तो म्हणाला. "तुले ठाऊक होतं ना?"

"नव्हतं. सप्पा इसरली मी. बैलाचंच डोकशात होतं, थे इचारत गेली."

"खोटं."

"चिमीची आन. मी येडीच निघाली."

शालिग्रामचा चेहरा हळूहळू खुलत गेला. नवराबायको दोघंही येडी निघाली म्हणण्यापेक्षा बायको लबाड निघाली, हे त्याला घराण्याच्या दृष्टीनं जास्त बरं वाटलं असावं.

"लय चालू हायेस," तो कौतुकानं म्हणाला आणि बैलांना पाणी पाजायला गोठ्याकडं गेला.

अन्नपूर्णेनं पुन्हा एकदा खरं सांगायला तोंड उघडलं. चिमीनं त्यात आपल्या हातातला भाकरीचा तुकडा कोंबला. तो चावून होईपर्यंत तिनंही विचार बदलला.