आधी पॅसेंजर जेवतील

मित्रांनो, मी चिनी मातीची जुनी, खोलगट बशी. माझ्या काठावर निळी रेघ आहे आणि एका बाजूला टवका उडाला आहे. जन्मले कारखान्याच्या भट्टीत, पण वाढले धावत्या रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर मला मांडत आणि माझ्यात गरम टोमॅटो सूप वाढत. आमचे वेटर कुंडलिकराव गुडघे किंचित वाकवून, तोल सांभाळत चालायचे. "गाडी एवढी हलतेय, पण थेंब सांडला नाही!" असं एकदा एक बाई म्हणाल्या. मला वाटलं, हे कौतुक माझंच.

१९९१ साली आमचा डबा बंद झाला. कुंडलिकराव निवृत्त झाले आणि साहेबांना विचारून मला आपल्या गावी, निमगाव केतकीला घेऊन आले. इथे मी पार गोंधळले. ना सूप, ना टेबल. त्यांच्या पत्नी तानूबाईंनी मला कोंबड्यांच्या पाण्यासाठी अंगणात ठेवलं. माझं काय चुकलं, तेच कळेना.

पाच वर्षांनी कुंडलिकरावच गोंधळले. गाव विसरले, घरची माणसं विसरले. एका दुपारी त्यांनी समोरची भाकरी बाजूला सारली. "आधी पॅसेंजर जेवतील, मग आमी."

दोन दिवस ते जेवलेच नाहीत. सून मनिषा रडकुंडीला आली. "आत्याबाई, आता काय करायचं वं?"

तानूबाईंनाही उमजेना. त्या अंगणात आल्या आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मग त्यांनी मला उचललं, राखेने घासून लख्ख केलं, माझ्यात आमटी वाढली आणि मला नवऱ्याच्या हाती दिलं. स्वतः ओसरीवरच्या बाकावर जाऊन बसल्या.

कुंडलिकरावांनी गुडघे वाकवले. हळूहळू चालत येऊन मला तानूबाईंपुढे ठेवलं. नवऱ्याने वाढलेलं त्या आयुष्यात पहिल्यांदाच जेवल्या.

"माझं झालं. समद्यांचं झालं. आता तुमी बसा."

कुंडलिकराव बसले. भाकरी कुस्करून पोटभर जेवले. मग अदबीने विचारलं, "बाई, आपल्याला कुठं उतरायचंय?"

तानूबाईंनी पदराने डोळे पुसले. "तुमी उतराल तितं."

समोर कोण बसलंय, हे कुंडलिकरावांना कळलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण मित्रांनो, घरातलं एखादं म्हातारं माणूस भलतंच काही बोलू लागलं, तर त्याला हसू नका, दटावू नका. जरा त्याच्यासमोर बसा.