ओल्या काडेपेटीचं तिसरं प्रेमप्रकरण

माझा नवरा मेला, असं अर्ध्या जगाला वाटत होतं आणि तो इकडे आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला "आता खालची ओळ वाचा" म्हणत उभा होता.

तरुणपणी तो 'ओली काडेपेटी' नावाच्या रॉक बँडमध्ये गाणी लिहायचा आणि गायचा. दोन कॅसेट निघाल्या, त्या कुणी घेतल्या नाहीत, बँड बंद पडला, आमचं लग्न झालं. विषय संपला. मग अलीकडे कुठल्याशा पोरीनं गाडीत बसून त्यातलं एक गाणं लावलं, भोकाड पसरलं आणि त्याचा व्हिडिओ टाकला. लाखो लोकांना एकदम साक्षात्कार झाला, की अरे, आपल्यालाही रडायचंच होतं!

झालं. इतकं रडवणारा माणूस जिवंत नसणारच, असं आधी सगळ्यांनी ठरवून टाकलं; मग कुणीतरी पत्ता शोधला आणि दुकानात धडधाकट डोळ्यांची तरणीताठी माणसं यायला लागली. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायची आणि तरी "थोडा तरी नंबर असेलच, बघा ना" म्हणत खुर्ची सोडायची नाहीत. नवरा इतका भिडस्त, की पुन्हा तपासायचा. चाहते त्याला 'हळवा' म्हणतात. हळवा कसला डोंबलाचा, त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच.

आणि मी कोण? तर जिच्यामुळे गाणी आटली ती बाई. पहिली कॅसेट पहिल्या मुलीनं सोडल्यावर झाली, दुसरी दुसरीनं सोडल्यावर. तिसरी झालीच नाही, कारण मी सोडून गेले नाही. असं लोक चक्क लिहितात! म्हणजे संसार केला हा माझा गुन्हा.

खरं सांगू? मला त्या दोघींच्या नावानं मिरच्या झोंबायच्या. त्यांच्यावर कॅसेट भरभरून गाणी आणि मी इतकी वर्षं ह्या माणसाचे मोजे शोधून देतेय, तर माझ्यावर साधी एक ओळ नाही.

अशातच एक फिल्मवाली कॅमेरा घेऊन दुकानात आली. बँडवर फिल्म करणार होती. नवरा लेन्स आणायला गेला होता, म्हणून तिनं आधी माझ्या दादाला बसवलं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, बँडचा ड्रमर. हल्ली तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शेजारी शिकाऊ माणूस घामाघूम झालेला असतो आणि हा आपला डॅशबोर्ड बडवतोय.

"आमची एक पद्धत होती," दादा खुशीत येऊन सांगायला लागला. "ह्याला दुःख झाल्याशिवाय गाणं सुचायचं नाही. सुखात असला की नुसता लोळायचा. मग नवी कॅसेट काढायची झाली, की आम्ही एखादी मुलगी बघायचो. हमखास सोडून जाणारी! पहिलीचं परदेशी जायचं तिकीट निघालं होतं. दुसरीचं लग्न दुसरीकडे ठरलेलं. त्या बिचाऱ्यांना काही माहीत नसायचं. आम्ही फक्त ओळख करून द्यायचो."

"आणि तिसरी?" फिल्मवालीनं विचारलं.

"तिसरी माझी बहीण. असली भडक माथ्याची, की महिनाभरही टिकणार नाही ह्याची मला खात्री. स्टुडिओसुद्धा ठरवून ठेवला होता आम्ही. फुकट गेला!"

मी फ्रेमांच्या कपाटामागेच उभी होते. हातातली फ्रेम कडकन मोडली.

"हा आवाज छान आला," फिल्मवाली म्हणाली. "ठेवू या."

कॅमेरा बंद झाल्यावर मी दादाची जी काही खरडपट्टी काढली, ती तिनं टिपली नाही हे तिचं दुर्दैव. सख्ख्या बहिणीला ह्यानं सोडून जाण्यासाठी पुढे केलं होतं! दादा सगळं ऐकून घेत उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला, "ऐक ना. कार्यक्रम ठरतोय. मोठ्या हॉलमध्ये. पण आयोजक म्हणतो, एक तरी नवं गाणं पाहिजे, नाहीतर नको."

"मग?"

"मग तू थोडे दिवस माझ्याकडे ये. भांडून ये. त्याला सुचेल." माझा चेहरा बघून तो एक पाऊल मागे सरकला, पण गप्प बसला नाही. "मला एकदा वाजवायचंय गं. हात चालतायत तोवर."

खरं तर त्याच्या दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या. मी हो म्हणाले. दादासाठी नव्हे. मला माझं गाणं हवं होतं, बस्स.

आता भांडायला समोर माणूस तरी तसा नको का? मी म्हटलं, "तुझ्या घोरण्याला विटलेय मी." तो म्हणाला, "कुशीवर झोपत जाईन." मी म्हटलं, "तुझ्या आईनं तुला लाडावून ठेवलंय." तो म्हणाला, "ते आहेच." "ते आहेच काय म्हणतोस, मेल्या!" म्हणून मी जी किंचाळले, त्या भरात बॅग उचलली आणि तरातरा निघाले.

दादाकडे वहिनीनं अंथरूण घालून देताना नुसती भुवई उडवली. दादा संध्याकाळी फोन घेऊन गॅलरीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. मी माझ्या फोनकडे बघत बसायची. नवऱ्याचा फोन नाही, निरोप नाही. आधी राग आला. मग वाटलं, सुटलो म्हणून आनंदात तर नाही ना हा? गाणं गेलं खड्ड्यात, म्हटलं आणि एका दुपारी सरळ दुकान गाठलं.

शटर अर्धं खाली होतं. वाकून आत गेले. डोळे तपासायच्या खुर्चीत तो गिटार घेऊन बसला होता.

"बस," तो म्हणाला. "सुचलंय."

आणि त्यानं गाऊन दाखवलं. बॅग घेऊन चाललेल्या बाईचं गाणं होतं. माणूस खिडकीतून बघतोय. भांडून निघालेली बाई अशी चालत नाही, हे त्याच्या लक्षात येतं. ही तर कुणीतरी सांगितलेलं काम उरकायला निघाल्यासारखी चाललीय. तो खिडकीत उभाच राहतो, कारण हाक मारली तर तिचं काम बिघडेल.

मी विचारलं, "तुला कळलं होतं?"

"तुझ्या दादाचा फोन यायचा. 'काय रे, काही सुचतंय का?' त्या दोघी गेल्या तेव्हाही नेमका हाच फोन यायचा. मी हळवा आहे, बावळट नाही."

"म्हणजे तेव्हाही तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. गाणी येत होती, म्हणून चालू दिलं. तुझ्या वेळी मला गाणं नको होतं, तू हवी होतीस." त्यानं गिटार बाजूला ठेवली. "त्या दोघींना काही ठाऊक नव्हतं गं. तू मात्र हो म्हणालीस."

मी रडले. ढसाढसा. चुकलं म्हटलं, दहा वेळा म्हटलं. माझ्यावर एक गाणं नाही म्हणून जळत होते, हेही सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, मला रागाशी दोन हात करता येतात.

"दादाला सांगितलंय, काही सुचलं नाही म्हणून," तो म्हणाला. "कार्यक्रम गेला तर गेला. हे आपल्या दोघांतच राहू दे. तुला कुणी नावं ठेवलेली मला नाही चालायची."

आणि ते गाणं मेलं असलं चांगलं झालं होतं! गाडीतली ती पोरगी का रडली, ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मी डोळे पुसले, फोन काढला.

"दादा, सुचलंय. हा खोटं बोलतोय. निघ आणि ऐकायला ये."

"अगं, गाणं कसं सुचलं ते फिल्मवाली विचारणारच. लोकांना कळेल," नवरा म्हणाला.

"कळू दे. केलंय मी, तर कळू दे."

हॉल खच्चून भरला होता. दादा घामानं निथळत होता आणि वेड्यासारखा हसत होता. सगळ्यात शेवटी नवऱ्यानं नवं गाणं म्हटलं. एवढ्या गर्दीत कुणी साधं खोकलंसुद्धा नाही. माझ्या शेजारची मुलगी बाहीनं नाक पुसत होती.

गाणं संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "काकू, इतकी कशी हो दुष्ट बाई? कोण असेल ही?"

"मी," मी म्हटलं.