बाबांच्या मापाची सायकल

सून चष्म्याच्या दुकानात काम करायची. नाकावर रुततो, कानामागे टोचतो, एका बाजूला कलतो, अशा गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत ऐकत ती फ्रेमच्या काड्या वाकवायची आणि चष्मा चेहऱ्यावर नीट बसवून द्यायची. घरी तिचे सासरे नेमके याच्या उलट होते. काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच असायचं. "बरोबर आहे."

त्यांचा मणका दुखायला लागल्यावर डॉक्टरांनी वाकून सायकल चालवायला मनाई केली. सायकलवाचून ते दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागले, तेव्हा तिच्या नवऱ्याने एका मित्राकडून ही वेगळीच सायकल आणली. आरामखुर्चीसारखी पाठ टेकून बसायचं, पाय पुढे लांब करायचे. पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे, एका दांड्याच्या टोकाला. सायकल आणली की आपलं काम झालं, अशी नवऱ्याची समजूत होती. पाना हातात धरायची वेळ आली की त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा. त्यामुळे ते लोढणं सुनेच्या गळ्यात आलं.

मित्र ताडमाड उंच, सासरे बेताचे. पेडल जवळ आणायला दांडा आत सरकवावा लागला. दांडा आत गेल्यावर चेन लोंबायला लागली, म्हणून चेनच्या काही कड्या काढाव्या लागल्या. सुट्टीची सगळी सकाळ त्यात गेली. सासरे गल्लीत फेरी मारून आले.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि फाटकाला धरून उतरताना डावा खुबा चोळू लागले. तिचं लक्ष गेल्याबरोबर हात खाली.

तिने दांडा बोटभर बाहेर काढला. आता चेन कमी पडली, म्हणून काढलेल्या कड्या पुन्हा जोडल्या. बरोबर आहे. बैठकीची पाठ मागे कलवली. तेही बरोबर. मग एका संध्याकाळी वळणावर त्यांचा डावा पाय पेडलवरून घसरला आणि ते सायकलसकट शेजाऱ्यांच्या कुंपणात शिरले. कोपर खरचटलं. कुंपणच जरा पुढे आलंय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. गिऱ्हाईक कितीही कटकट करणारं असलं तरी कुठे टोचतं ते सांगतं तरी. इथे भिंतीशी बोलल्यासारखं. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या तिने सायकल अंगणात भिंतीला टेकवली, सासऱ्यांना चपला काढून वर बसवलं आणि टाच पेडलवर ठेवायला सांगितली. उजवा पाय सरळ पोचला. डावाही पोचला, पण तो पोचवताना ते बैठकीवर हळूच पुढे घसरले होते. तिने हाताने त्यांची कंबर मागे दाबून धरली. तशी डावी टाच पेडलपासून सुटली आणि अधांतरी राहिली.

ती तिथेच फरशीवर बसली.

"बाबा, हा पाय आखूड आहे."

"थोडासा," सासरे म्हणाले.

मग खोदून खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. तरुणपणी ते शिडीवरून पडले होते आणि हाड जरा वेडंवाकडं जुळलं. त्यानंतर विजेचे मीटर वाचायची नोकरी लागली. दिवसभर जिने चढायची. नोकरीसाठीच्या डॉक्टरी तपासणीच्या दिवशी डाव्या बुटात चिंध्या कोंबून ते ताठ उभे राहिले. दुखतंय म्हणणाऱ्या माणसाला घरी पाठवतात, हे त्यांनी तेव्हा जे मनाशी धरलं, ते निवृत्त झाल्यावरही सोडलं नाही.

सासूबाई दारात मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ह्यांच्या पायजम्याचा डावा पाय मी लग्नापासून दुमडून शिवते."

"आई, मग मला सांगायचं नाही का?"

"तू सायकलचं विचारत होतीस. पायजम्याचं कुणी विचारलं?"

सुनेने पाना खाली ठेवला. हातात राहिला असता तर तिने तो कुठेतरी भिरकावलाच असता.

"बाबा, इथे तुमची नोकरी जाणार नाही," ती म्हणाली. "दुखतं तिथे दुखतं म्हणा. नाहीतर ही सायकल मी उद्या भंगारात देते."

सासऱ्यांनी डावा पाय हाताने उचलून जवळ घेतला.

"गुडघ्याच्या मागे ओढ लागते," अखेर ते म्हणाले. आवाज एवढा बारीक, की तिला पुढे वाकावं लागलं. "पहिल्या दिवसापासून."

तिला राग आला होता आणि गलबलूनही आलं होतं. ती उठली. दांडा उजव्या पायाच्या मापाने पक्का केला आणि डाव्या पेडलवर एक लाकडी ठोकळा बसवला, वरून पट्टा. दुसऱ्या दिवशी सासरे गल्लीच्या बाहेर पडले आणि थेट पुलापर्यंत जाऊन आले. तेवढा वेळ ती फाटकात उभी होती. ते उतरले, तेव्हा त्यांचा हात खुब्याकडे गेला नाही.

"मान अवघडते," ते म्हणाले. "मागचा टेकू वर हवा."

तिने आनंदाने टेकू वर केला. मग डावा ब्रेक जड लागत होता. मग घंटी फार किरकिरी वाजत होती. बैठकीचं कापड गरम होत होतं. रात्री जेवायला बसल्यावर त्यांनी मुलाला सांगितलं, की तू फोनवर फार मोठ्याने बोलतोस. आणि मग सासूबाईंकडे वळून म्हणाले, की तुझा चहा पाणचट असतो, कित्येक वर्षं सांगायचं राहून गेलं होतं.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं. सून ताट घेऊन उठली. टेकू बोटभर खाली करायचा होता, तो आत्ताच करते म्हणाली, आणि पाना शोधत अंगणात गेली.