टिनाखालच्या नळ्या

“सूर टेबलावरच पक्का कर, साबिरा. दुकानाबाहेर गेलेल्या पेटीले हात लावाचा नाई.” अब्बा, म्हणजे सगळ्यांचे बाबूभाई, असं सांगायचे.

चंद्रपुरातल्या आमच्या दुकानात फक्त बाजाच्या पेट्या बनत. माजरीच्या नव्या चर्चसाठी, तिथलं काम बघणाऱ्या आशाबाईंनी पाइप ऑर्गन मागितला, तेव्हा अब्बांनी जबान दिली : पहिल्या प्रार्थनेला वाजेल. थंडीत अब्बा गेले. उरलेलं काम, नळ्यांसकट, मी आणि भाऊ जुबेरनं केलं. सागवानाच्या अठ्ठेचाळीस नळ्यांचे सूर मी दुकानातच लावले, कूलरच्या गारव्यात.

शुक्रवारी दुपारी, चर्चमध्ये ऑर्गन बसवून झाल्यावर, तिथे वाजवणारे प्रवीणसर बसले. लांब नळ्या खाली भिंतीच्या सावलीत, आखूड नळ्या वर टिनाच्या छताजवळ. खालचे सूर जागेवर होते. वरचे चढले होते.

“हे गाणं हाये का एसटीचा भोंगा?” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

आशाबाई हसल्या नाहीत. “परवा दहाले लोकं येतीन, साबिरा. बाबूभाई असते तं काय केलं असतं?”

पेटीतल्या पितळी पत्तीला ऊन फारसं बाधत नाही. नळीतली हवा मात्र तापली की सूर चढतो. अब्बांनी नळी कधी केलीच नव्हती.

“उद्या दहालेच येतो, बाई,” मी म्हटलं. “तेवढ्याच उन्हात लावून देतो.”

घरी जुबेर भडकला. “येडी झाली का? सूर उतरवाले नळीच्या तोंडातले दट्टे वर ओढा लागते. वाळून घट्ट बसले ते. नळी चिरली तं दुसरी कुठी हाये?”

“हळू ओढीन.”

“अन् अब्बाले खोटं पाडून राह्यली, ते?”

खरं तर मलाही तेच खात होतं.

आज फजरच्या नमाजानंतर रोजची तसबीहची माळ घेतली, तर दोनदा मोजणी चुकली. तिसऱ्यांदा पुरी केली. नळी चिरली तर होणारा बारीक आवाज कानातून जाईना. वरच्या बावीस नळ्या. एक जरी गेली तरी उद्या प्रार्थनेत मधेच गप्प पडेल.

मेण, फडकं, बारीक पकड पिशवीत घातली. जुबेर अजून निजला होता.

“भाभी, आज माझा रोजा हाये, डबा नको,” सायमाभाभीला हळूच सांगितलं, आणि चपला हातात घेऊन दाराबाहेर पडले. माजरीची बस सातला होती.